घरचीच हरकत

हरकतीचा कागद हातात पडला तेव्हा वहिनींना नावाच्या आधी अक्षर ओळखू आलं. सुटं, उभट, प्रत्येक शब्दावरची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. नगरपालिकेच्या परवाना विभागाने पाठवलेली नक्कल होती, सोबत छापील पत्र. आपल्या अर्जावर एक हरकत आली आहे, सोमवारी अकरा वाजता सुनावणीस हजर राहावे. हरकतदाराने त्याच दिवशी दहाच्या आत हरकत मागे घेतल्यास सुनावणीची आवश्यकता राहणार नाही.

त्या आपल्या गाण्याच्या हॉलमध्ये काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसल्या. सकाळची वेळ होती. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, नाचायची लाकडी फरशी नुकतीच पुसलेली, अजून ओलसर. त्यांनी चष्मा लावला आणि पहिलं वाक्य वाचलं.

'अर्जदार या माझ्या वहिनी असून त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे; तथापि...'

त्या 'तथापि'पाशी त्यांना अशा वेळीसुद्धा हसू आलं. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस. घरच्याविरुद्ध तक्रार करतानाही अर्धविराम विसरला नाही. मग हसू विरलं. पुढचे चार मुद्दे त्यांनी सावकाश वाचले. पहिले तीन आवाजाबद्दल होते: नवे स्पीकर, शुक्रवार-शनिवार रात्री एकपर्यंत वेळ वाढवून मागणं, गिऱ्हाईकं बाहेर पडताना होणारा गलका. चौथा मुद्दा वेगळाच होता. 'मागील दाराच्या पायऱ्यांना कठडा नाही, दिवा नाही, आणि त्या दारातून माणूस कोणत्या अवस्थेत बाहेर पडतो याकडे लक्ष देणारे कोणी नाही. याचा परिणाम काय होतो हे अर्जदारांना माहीत आहे.'

वहिनींनी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. काय माहीत आहे आपल्याला?

त्यांना हॉलमध्ये सगळेच वहिनी म्हणत. गाणारे, वाजवणारे, रोजची गिऱ्हाईकं, बर्फ टाकून जाणारा माणूससुद्धा. पण ज्याच्या तोंडून ते नाव आधी पडलं आणि मग सगळीकडे पसरलं, तो माणूस म्हणजे त्यांचे धाकटे दीर. भाऊजी लग्नाच्या फंदात पडले नाहीत. हॉलच्या मागे एक अरुंद बोळ, बोळाच्या पलीकडे त्यांच्या दोन खोल्या. अकरा वर्षांपूर्वी वहिनींचे यजमान गेले तेव्हा परवाना वहिनींच्या नावावर करायचा होता. बाईमाणूस दारूचा परवाना सांभाळणार कशी, असं कचेरीतल्या एकाने तोंडावर विचारलं होतं. भाऊजींनी रजा टाकली आणि चार दिवस त्या बाकावर वहिनींच्या शेजारी बसून काढले. तो अर्जही याच अक्षरात होता. त्यानंतरचा प्रत्येक अर्ज याच अक्षरात गेला होता. या वर्षीचा मात्र मुलाने टाइप करून आणला, आणि तो 'इथे सही कर, आई' म्हणाल्यावर वहिनींनी तिथे सही केली.

गेल्या आठ महिन्यांपासून भाऊजी हॉलमध्ये यायचे बंद झाले होते. बोळात समोरासमोर आले तर 'बरं आहे ना?' एवढंच विचारून कडेने निघून जात. वहिनींनी मनाशी दहा कारणं शोधली होती. त्यांतलं एकही कधी त्यांना विचारून पाहिलं नव्हतं.

रविवारी दुपारी हॉल बंद असे, आणि घरातलं काही मोठं असलं की सगळे तिथेच जमत. स्टेजजवळच्या गोल टेबलाशी चौघं बसली. वहिनी, त्यांचा मुलगा, वन्सं आणि भाऊजी. वन्सं म्हणजे वहिनींची मोठी नणंद, तीस वर्षं अपघात विभागात नर्स होती. तिला हा धंदा कधीच आवडला नव्हता. वडिलांनी हॉल बांधला तेव्हाही तिने नाक मुरडलं होतं, आणि वहिनींच्या नावावर परवाना झाला तेव्हा ती वर्षभर इकडे फिरकली नव्हती. तरी आज ती भाच्याच्या बाजूच्या खुर्चीत बसली, आणि तोंड उघडलं तेही भावावर तोफ डागायलाच.

"तुला हॉल आवडत नसेल तर माझ्यासारखा घरात बोलायचास," ती म्हणाली. "आमच्यात बसून शिव्या घालायच्यास. घरातलं भांडण सरकारी टपालात टाकायचं म्हणजे काय?"

"मला हॉल आवडतो, ताई," भाऊजी म्हणाले. "माझी खोली याच्या भिंतीला लागून आहे. शुक्रवारी रात्री गाणं ऐकत मी झोपतो. चांगलं गाणं असलं तर झोपतही नाही."

"मग?"

"मग काय. लिहिलंय की सगळं."

मुलगा इतका वेळ चमच्याने चहा ढवळत होता. साखर कधीच विरघळली होती. पस्तिशीचा होता, आवाजाच्या यंत्रणा बसवायचं काम शिकून आलेला, आणि हॉल पुन्हा भरायला लागला होता तो त्याच्या खटपटीमुळेच. हे वहिनी कुणालाही सांगत. "काका, जाऊ द्या ना," तो म्हणाला. "उद्या दहाच्या आत तुम्ही दोन ओळी लिहून दिल्यात की विषय संपला. आवाजाचं मी बघतो. मागच्या दाराला कठडा लावतो, दिवा लावतो. या आठवड्यात. शब्द देतो."

"शब्द तू मागेही दिला होतास."

मुलाने चमचा बशीत ठेवला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "त्या कागदावर तुम्ही लिहिलंय, याचा परिणाम काय होतो हे अर्जदारांना माहीत आहे. मी ते वाक्य पन्नास वेळा वाचलं. मला काय माहीत आहे?"

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी राग होता. मग तो राग कुठे ठेवावा हे न कळल्यासारखे ते पुतण्याकडे वळले. पुतण्या खाली बघत होता.

"टाळीवाले पडले होते, हे," भाऊजी म्हणाले.

टाळीवाले म्हणजे शिवणयंत्रं दुरुस्त करणारे एक साठीचे गृहस्थ. दर शुक्रवारी खांबाजवळच्या टेबलाशी एकटे बसायचे, आणि गाणं संपलं की पहिली टाळी त्यांची. नवख्या गायकालाही तेवढीच जोरात. बरेच महिने ते दिसले नव्हते. लेकीकडे राहायला गेले असं वहिनींनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि निरोप न घेता गेले म्हणून मनातून थोडा रागही धरला होता.

"कधी पडले?" वहिनींनी विचारलं.

"आठ महिने झाले. मी पहाटे फिरायला निघालो तर बोळात पायऱ्यांच्या खाली आडवे. मागच्या दाराने बाहेर पडले होते. खुबा मोडला होता. आदल्या रात्री अकरापासून पडलेले. हाक मारली तर आत गाणं चालू. गाणं थांबलं तेव्हा हाक मारायचं त्राण उरलं नव्हतं."

"थंडीत?" वन्संचा आवाज बदलला. भाच्याच्या खुर्चीला टेकलेला तिचा हात तिने काढून घेतला. "म्हणजे सहा तास. शुद्धीवर होता? ओकला होता का? कुठल्या कुशीवर होता?"

"डाव्या. शुद्ध होती. थंडगार पडले होते, ताई. मी माझी रजई टाकली आणि गाडी बोलावली."

"नशीब त्याचं," वन्सं हळूच म्हणाली. "उताणा पडला असता तर गेला असता."

"आणि मला कुणी सांगितलं नाही," वहिनी म्हणाल्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

"त्यांनी माझा हात धरून सांगितलं, वहिनींना कळवू नका, त्यांच्या जिवाला लागेल. म्हणून मी तुम्हाला नाही सांगितलं, याला सांगितलं. हा म्हणाला, आईच्या कानावर घालतो आणि दाराचं बघतो." भाऊजी थांबले. "मी वाट बघितली. पायरीला साधा दिवा लागला नाही. तुम्ही त्यांना बघायला गेला नाहीत. वर रात्री एकपर्यंत वेळ वाढवून मागितल्याची नोटीस दारावर लागली. तेव्हा मला वाटलं, माझी वहिनी बदलली."

वहिनींना आठ महिन्यांचं ते 'बरं आहे ना?' एकदम उलगडलं. त्या मुलाकडे वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्या नुसत्याच बघत राहिल्या.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "मग अर्जाचं आलं. मग वाटलं, आता सांगितलं तर तू अर्जच करू देणार नाहीस. आणि मोठी माणसं आहेत, आई. कुणी किती प्यायची हे आपण कसं ठरवणार?"

"आपण नाही तर कोण?" वन्सं म्हणाली. "त्याच्या हातात पेला आपणच देतो ना?" आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं असावं, कारण या हॉलबद्दल बोलताना तिने 'आपण' म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

भाऊजी खुर्ची मागे सारून उठले. "वहिनी, तुम्हाला माहीत नव्हतं एवढं मला पुरे आहे. मी सकाळी जाऊन हरकत मागे घेतो. परवाना गेला तर दादाचं, बाबांचं सगळंच जाईल. तेवढं मला नको आहे."

मुलाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला, आणि तो वहिनींना दिसला.

"मागे घ्यायची नाही," त्या म्हणाल्या.

"वहिनी..."

"तुम्ही मागे घेतलीत तर कठडा लागेल, दिवा लागेल. पण पुढच्या खेपेला आम्हाला विचारणारं कुणी राहणार नाही. कागद राहू दे. मी उद्या सुनावणीला जाते."

"आणि काय सांगणार?" मुलाने विचारलं.

"ते टाळीवाल्यांना भेटल्यावर ठरवते," असं म्हणून त्या उठल्या.

टाळीवाले लेकीकडे वगैरे कुठेच गेले नव्हते. दोन रस्ते सोडून त्यांची खोली होती, दारापासून खिडकीपर्यंत शिवणयंत्रांनी भरलेली. काही उघडी, काही कापडाने झाकलेली. दार उघडायला त्यांना वेळ लागला. हातात काठी होती. वहिनींना पाहून ते इतके गडबडले, की बसायला सांगायचं सोडून एका मशीनवरचं कापड झटकू लागले.

"मी उशिरा आले," वहिनी म्हणाल्या. "आठ महिने उशिरा. मला आज कळलं."

"भाऊजींनी सांगितलं वाटतं. नको म्हटलं होतं त्यांना." त्यांनी एक स्टूल पुढे केलं. "आणि पडलो मी, वहिनी. तुम्ही नाही पाडलंत."

"किती घेतली होती त्या दिवशी?"

त्यांनी हातातलं कापड मशीनवर नीट पसरलं. मग म्हणाले, "खरं सांगू? मोजली नव्हती. तुमच्या काउंटरवर मापाने देतात, तिथे माणसं आहेत, म्हणून मी कधी मोजतच नाही. घरी एकटा असतो तर भीती वाटते. तिथे वाटत नाही."

वहिनी स्टुलावर बसल्या. "त्या दिवशी काउंटरवर कोण होतं?"

टाळीवाल्यांनी काठीची मूठ हातात फिरवली. "कशाला विचारता?"

"मी होते का?"

"चाळीस वर्षं झाली होती मला या कामाला, त्या दिवशी. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, मग हा एक माझ्याकडून. चांगलं वाटलं मला. तसं कुणी विचारत नाही हो." ते घाईघाईने म्हणाले, "तुम्ही प्रेमाने दिलात."

वहिनींना तो पेला आठवला. टाळीवाल्यांच्या डोळ्यांतली चमकही आठवली आणि त्यांचे पाय किंचित हललेलेही. ते त्यांना दिसलं होतं. त्या दिवशी हॉल भरलेला होता आणि मागे चौघे ताटकळत होते. त्यांनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

"दिसलं होतं मला," त्या म्हणाल्या. "तरी दिला."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग टाळीवाल्यांनीच विषय बदलला, पण जो बदलला तो वहिनींच्या काळजात रुतला.

"आता घेत नाही मी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, इच्छाच गेली. पण गाण्याची गेली नाही. शुक्रवार आला की करमत नाही. तिथे येऊन नुसता चहा घेऊन बसलं तर चालतं का हो? वाईट नाही दिसणार?"

"मी आतापर्यंत चहा का ठेवला नाही, हेच वाईट दिसतंय," वहिनी म्हणाल्या.

सोमवारी परवाना समितीच्या दालनाबाहेर बाकावर चौघंही होती. वन्सं न बोलावता आली होती, इस्त्रीच्या साडीत, पर्समध्ये पाण्याची बाटली. मुलगा एका टोकाला, भाऊजी दुसऱ्या. भाऊजी हरकतदार म्हणून आले होते आणि तरी वाटभर वहिनींची फाइल त्यांच्याच काखेत होती.

आधीचं प्रकरण एका मोठ्या करमणूक केंद्राचं होतं. दार उघडंच असल्याने आतलं सगळं ऐकू येत होतं. त्यांचा वकील तासभर बोलला. शेजाऱ्यांना तो 'तक्रारखोर घटक' म्हणाला, आणि खुर्च्यांवर बसलेले ते घटक एकेक करून उठून त्याला उत्तर देऊ लागले. शेवटी अध्यक्षांनी पुढची तारीख दिली. अध्यक्ष म्हणजे पूर्वीचे औषधविक्रेते, बारीक अंगाचे, प्रत्येक कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचणारे.

वहिनींचं नाव पुकारलं गेलं. परवाना निरीक्षक बाईंनी अहवाल वाचला. या बाई गेल्या शुक्रवारी साडेआठ वाजता हॉलवर येऊन गेल्या होत्या. आत पंधरा मिनिटं बसल्या आणि बाहेर बोळात अर्धा तास उभ्या राहिल्या, हे वहिनींच्या लक्षात होतं. अहवाल वाईट नव्हता. दारू मापाने दिली जाते, स्वच्छता चांगली, संगीत दर्जेदार. "अर्जातील रकाना नऊनुसार," बाई वाचत होत्या, "गेल्या वर्षभरात मद्यपानाशी संबंधित कोणताही अपघात घडलेला नाही."

"घडलाय," वहिनी म्हणाल्या.

बाई थांबल्या. अध्यक्षांनी कागद डोळ्यांपासून दूर केला.

"तो रकाना चुकलाय, साहेब. आमचं एक गिऱ्हाईक मागच्या दाराने बाहेर पडताना पायऱ्यांवरून पडलं. खुबा मोडला. रात्रभर थंडीत पडून होते. त्यांना जास्त झाली होती हे मला दिसत होतं, आणि शेवटचा पेला मी माझ्या हाताने भरला. अर्जावर सही माझी आहे. न वाचता केली, पण माझी आहे."

"तुम्हाला कल्पना आहे ना," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "की चुकीच्या माहितीवर अर्ज फेटाळता येतो?"

"आहे."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनी वळल्या नाहीत. त्यांना वाटलं, वन्सं उठली असेल.

"रकाना मी भरला," मुलगा म्हणाला. "आईला माहीत नव्हतं. मला काकांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. मी दडवलं, कारण वेळ वाढवून हवी होती. माझं एवढंच म्हणणं आहे की आईच्या नावापुढे खोटं लिहू नका. माझ्या नावापुढे लिहा."

वहिनींना मागे बघायचा धीर होईना. काल त्याचा चेहरा सुटल्यासारखा झालेला त्यांनी पाहिला होता. हे पोर असं कधी झालं, हे त्या रात्रभर स्वतःला विचारत होत्या. आता तेच पोर मागे उभं होतं.

अध्यक्षांनी भाऊजींना विचारलं, "हरकतदार, तुमचं काय म्हणणं? परवाना रद्द व्हावा?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "हॉल बंद झाला तर ती माणसं पिणं बंद करणार नाहीत. ती कुठेतरी एकटी बसून पितील. तिथे गाणं नसेल आणि वहिनीही नसेल. मला हॉल हवा आहे. मला तो चांगला हवा आहे."

समितीने त्यांना वीस मिनिटं बाहेर बसवलं. वन्संने पाण्याची बाटली काढली, आधी भाच्याला दिली, मग भावाला.

आत बोलावल्यावर निर्णय निरीक्षक बाईंनीच वाचून दाखवला. वेळ वाढवून मिळणार नाही. परवान्याचं नूतनीकरण तीन वर्षांऐवजी सहा महिन्यांपुरतं, पुढचं त्यानंतर बघू. मागचं दार संकटाच्या वेळेखेरीज गिऱ्हाइकांना बंद, पायऱ्यांना कठडा आणि दिवा लागेपर्यंत गाण्याचे कार्यक्रमही बंद. दारू थांबल्यावर अर्धा तास हॉल उघडा ठेवायचा, हळू संगीत आणि चहा, म्हणजे माणसं एकदम लोंढ्याने रस्त्यावर येणार नाहीत. काउंटरवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने नाही कसं म्हणायचं याचं प्रशिक्षण घ्यायचं, आणि मुलाने ते पुरं करेपर्यंत काउंटरला हात लावायचा नाही. आणि शेवटची अट, आठवड्याच्या आत बोळातल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन त्यांचं म्हणणं लिहून आणायचं.

वहिनींनी एकेक अट ऐकली. सहा महिने म्हणजे मानेवर टांगती तलवार होती, हे त्यांना कळत होतं. शुक्रवारचे दोन कार्यक्रम तरी बुडणार, हेही कळत होतं. तरी प्रत्येक अटीबरोबर त्यांना कुणीतरी हातातलं ओझं थोडं थोडं उचलून घेतल्यासारखं वाटत गेलं. अकरा वर्षं त्यांना वाटत होतं, परवाना म्हणजे हॉल चालवायची मुभा. तिकडे कोण पडतंय हे विचारणारी एवढी माणसं त्या कागदामागे उभी असू शकतात, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

बाहेर जिन्यापाशी त्यांनी निरीक्षक बाईंना गाठलं.

"तुमचे आभार मानायचे होते."

"अहो, मी तुमची वेळवाढ नाकारायला सांगितली," बाई म्हणाल्या. "सगळंच मंजूर करणं सोपं असतं. सगळंच नाकारणं त्याहून सोपं. तुमच्या फाइलवर मला काम करावं लागलं, एवढंच." मग त्या किंचित थबकल्या. "बारा वर्षांत स्वतःचा रकाना स्वतः उठून दुरुस्त करणारं कुणी पाहिलं नव्हतं. पण आभार नका मानू. मी न सांगता पुन्हा येणार आहे."

"या," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच मानतेय."

घरी परतताना मुलगा त्यांच्या बरोबरीने चालत होता. मग म्हणाला, "आई, तू माझ्याशी बोलत नाहीयेस."

"शब्द जुळवतेय," वहिनी म्हणाल्या. "काल तुझा मला राग आला होता, तो अजून गेलेला नाही. आणि आज तू उभा राहिलास, तेव्हा तुझे बाबा असते तर काय म्हणाले असते, हेही मनात येतंय. दोन्ही एका वाक्यात बसत नाहीये."

तो हसला नाही. पण त्याने त्यांच्या हातातली फाइल घेतली.

बुधवारपर्यंत कठडा लागला. लोहार आणि मुलगा दोघांनी मिळून बसवला, आणि वन्संने प्रत्येक पायरीवर उभं राहून, हाताने जोर देऊन तो तपासला. गुरुवारी संध्याकाळी मुलगा वही-पेन घेऊन बोळात उतरला. वहिनी म्हणाल्या, मीही येते. तो म्हणाला, नको, मी एकटाच जातो.

वहिनी मागच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं तो टोकाच्या घरापासून सुरुवात करील, अनोळखी माणसांपासून, ते सोपं जाईल म्हणून. पण तो सरळ समोर गेला. काकांच्या दाराशी. त्या दाराची किल्ली लहानपणापासून त्याच्याकडे होती, कडी न वाजवता तो आत जाई, फडताळातला खाऊ काढून घेई. आज त्याने कडी वाजवली आणि एक पाऊल मागे होऊन उभा राहिला.

भाऊजींनी दार उघडलं. समोर पुतण्या, हातात वही. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण हवंय?" त्यांनी विचारलं.

"शेजारी," मुलगा म्हणाला. "मी समोरच्या हॉलमधून आलोय. आमच्या हॉलचा तुम्हाला काही त्रास होतो का, ते विचारायचं होतं."

या दोघांतल्या एकाने विचारलं होतं आणि दुसरा खरं सांगणार होता. आपल्या वाट्याला अशी माणसं आली, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

"होतो," भाऊजी म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले. "आत ये, बस. वेळ लागेल."